भाडेपट्ट्याला वारस, सेवकाला कोण?

२०२२ सालच्या फेब्रुवारी महिन्याच्या अखेरीस देशातील अनेक शहरांत बिग बझारची दुकाने एकाएकी बंद झाली. गिऱ्हाइके दारापर्यंत येऊन परत गेली. काही महिन्यांनी त्यांपैकी बऱ्याच जागी ‘स्मार्ट बझार’ ही नवी पाटी चढली. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने फरक एवढाच की पिशवीवरचे नाव बदलले. परंतु आत फळ्यांवर माल रचणाऱ्याच्या दृष्टीने काय बदलले याची चर्चा तेव्हा झाली नाही, आणि आज ती कंपनी अवसायनात निघाल्यानंतरही ती होत नाही. वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानांवर हे प्रकरण दोन धनाढ्यांची झुंज म्हणून रंगविले गेले. झुंज होतीच. पण ती ज्यांच्या शेतात झाली त्यांच्या पिकाचे काय झाले, हे विचारणे समाजवादी पक्षाचे काम आहे.

हकीकत थोडक्यात अशी. किशोर बियाणी यांच्या फ्यूचर समूहाने २००१ साली बिग बझार सुरू केले आणि पुढील काळात कर्जाच्या बळावर विस्तार केला. २०१९ साली ॲमेझॉन या अमेरिकन कंपनीने समूहातील फ्यूचर कूपन्स या कंपनीचे ४९ टक्के भाग सुमारे १,४०० कोटी रुपयांना घेतले, आणि त्या करारान्वये फ्यूचर रिटेलच्या मालमत्तेची विक्री आपल्या संमतीवाचून होऊ शकत नाही असा दावा पुढे केला. कोरोनाच्या टाळेबंदीने दुकानांचा गल्ला आटला. २९ ऑगस्ट २०२० रोजी समूहाचा किरकोळ, घाऊक व मालवाहतुकीचा व्यवसाय रिलायन्सला २४,७१३ कोटी रुपयांना देण्याचे जाहीर झाले. ॲमेझॉनने सिंगापूरच्या लवादाकडे धाव घेऊन स्थगिती आणली. ६ ऑगस्ट २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तातडीच्या लवादाचा तो आदेश भारतात अंमलात आणता येतो असा निर्वाळा दिला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात स्पर्धा आयोगाने ॲमेझॉनच्याच मूळ व्यवहाराची संमती स्थगित करून तिला दंड ठोठावला. न्यायालये, लवाद, आयोग सर्व काही झाले. मात्र या मूळ वादात सेवक कोठेच पक्षकार नव्हते.

वाद चालू असताना दुकानांची भाडी थकत होती. तेव्हा रिलायन्सने जागामालकांशी स्वतःच्या नावे भाडेपट्टे केले आणि त्याच जागा फ्यूचरला पोटभाड्याने दिल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये हे पोटभाडे संपविण्यात आले. मोठी ३४२ आणि लहान ४९३, एकूण ८३५ दुकानांच्या बाबतीत समाप्तीच्या नोटिसा आल्याचे फ्यूचर रिटेलने मार्चमध्ये कळविले. एप्रिलमध्ये मूळ विक्री-योजनेवर मतदान झाले. भागधारकांनी ती मान्य केली, विनातारण धनकोंनीही मान्य केली. तारणी धनकोंनी, म्हणजे मुख्यतः बँकांनी, सुमारे ६९ टक्के मूल्याने ती फेटाळली. योजना बारगळली. २० जुलै २०२२ रोजी बँक ऑफ इंडियाच्या अर्जावरून राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने फ्यूचर रिटेलविरुद्ध नादारीची कारवाई दाखल करून घेतली, आणि २०२४ च्या जुलैत कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश झाला.

या सर्व घटनाक्रमातील कळीचा शब्द ‘भाडेपट्टा’ हा आहे, आणि त्याच्याजवळ थोडे थांबले पाहिजे.

एखादा उद्योग एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडे जातो तेव्हा त्यातील कामगारांचे काय व्हावे, याचा विचार आपल्या कायद्याने फार पूर्वीच केलेला होता. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या २५-एफएफ या कलमान्वये उद्योगाचे हस्तांतर झाले तर कामगाराला कपातीप्रमाणेच नोटीस व नुकसानभरपाई मिळावयाची. ती टाळावयाची असेल तर तीन गोष्टी आवश्यक होत्या: सेवेत खंड पडता कामा नये, नव्या मालकाकडील अटी पूर्वीपेक्षा कमी प्रतीच्या असता कामा नयेत, आणि पुढे कधी कपात झाली तर जुन्या सेवेसकट सर्व काळाची भरपाई देण्याची जबाबदारी नव्या मालकाने पत्करली पाहिजे. मागील वर्षांची पुण्याई वाया जाऊ नये, हा या कलमाचा साधा अर्थ.

परंतु येथे उद्योगाचे हस्तांतर झाले असे कोणी म्हटले? उद्योग विकण्याची योजना तर बँकांनी फेटाळली. हस्तांतर झाले ते जागेच्या पट्ट्याचे. जुन्या सेवकांपैकी अनेकांना नव्या कंपनीने नोकरी देऊ केल्याच्या बातम्या आल्या, आणि ज्यांना ती मिळाली त्यांचा संसार सावरला, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. तथापि देऊ केलेली नोकरी आणि चालू राहिलेली सेवा या दोन वस्तू कायद्याच्या दृष्टीने सर्वस्वी भिन्न आहेत. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात पाच वर्षांच्या अखंड सेवेची अट होती. एका कंपनीत चार वर्षे काढलेली मुलगी दुसऱ्या कंपनीच्या नव्या नियुक्तिपत्रावर सही करते तेव्हा, मधले हस्तांतर कायद्याने हस्तांतर मानले नाही तर, त्या चार वर्षांचे मोल शून्य होते. कपातीच्या भरपाईचेही तेच. दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार हा हिशेब वर्षांवर चालतो. वर्षेच पुसली गेली तर हिशेब कशाचा करावयाचा?

आता दुसरे टोक पाहावे. ज्यांना नव्याने नोकरी मिळाली नाही, त्यांचे देणे जुन्या कंपनीकडे. या बाबतीत १९४७ चा कायदा आश्चर्य वाटावे इतका दूरदर्शी होता. बंद पडलेल्या उद्योगातील कामगारांच्या भरपाईसंबंधीच्या २५-एफएफएफ या कलमात मालकाला एक पळवाट होती: मालकाच्या हाताबाहेरच्या, अपरिहार्य कारणाने उद्योग बंद झाला तर भरपाई तीन महिन्यांच्या पगारापुरतीच. पण लगेच खुलासा जोडलेला होता की केवळ आर्थिक अडचण, माल न खपणे किंवा जागेच्या पट्ट्याची मुदत संपणे ही अपरिहार्य कारणे समजली जाणार नाहीत. ज्यांनी हा खुलासा लिहिला त्यांना व्यापाऱ्यांच्या सबबी पुरत्या ठाऊक असाव्यात!

हक्क असा कागदावर भक्कम. वसुलीचे काय? नादारी व दिवाळखोरी संहिता २०१६ साली झाली. तिच्या ५३ व्या कलमात अवसायनातून आलेला पैसा कोणत्या क्रमाने वाटावयाचा ते सांगितले आहे. प्रथम कारवाईचा खर्च. मग कामगारांची चोवीस महिन्यांची थकबाकी आणि तारण सोडून देणारे तारणी धनको, हे दोघे एका पंक्तीला. त्यांच्या खाली, जे ‘कामगार’ या व्याख्येत बसत नाहीत अशा कर्मचाऱ्यांचे बारा महिन्यांचे वेतन. कामगाराला वरची पंगत मिळाली हे खरे. परंतु ज्या कंपनीचा धंदा भाड्याच्या जागेत आणि उधारीच्या मालावर चालत होता, तिच्या अवसायनात वाटण्याजोगे राहते काय? गिरणी बुडाली तर निदान जमीन उरे आणि तिच्यासाठी वर्षानुवर्षे लढता येई. बुडालेल्या दुकानाच्या मागे फळ्या आणि फ्रीज उरतात. आणि कंपनी वाचवावयाची की मोडावयाची याचा निर्णय घेणाऱ्या धनको समितीत वित्तीय धनको मतदान करतात; पगार थकलेल्या सेवकाला तेथे मत नाही.

वरची व खालची पंगत कशी ठरते हेही पाहण्यासारखे आहे. मोठ्या दुकानांतून पदांची नावे मोठी गोंडस असतात. कोणी ‘टीम लीडर’, कोणी ‘फ्लोअर मॅनेजर’, कोणी ‘एक्झिक्युटिव्ह’. पगार बेताचा, काम दहा माणसांबरोबर उभे राहून माल लावण्याचे, पण नाव पर्यवेक्षकाचे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक विवाद कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली. तिच्यात दरमहा १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारा पर्यवेक्षक ‘कामगार’ गणला जात नाही. मुंबईत या रकमेत खोलीचे भाडे आणि लोकलचा पास वजा जाता काय उरते ते सांगावयास नको. प्रत्यक्ष काम कोणते हे न्यायालय पाहते, पदाचे नाव पाहत नाही, हे खरे. परंतु न्यायालयापर्यंत पोहोचण्याची ऐपत किती जणांची?

नव्या संहितेची एक बाब पक्षाच्या सभांतून पुष्कळदा सांगितली गेली आहे: कपातीसाठी व उद्योग बंद करण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी घेण्याची कामगारसंख्येची मर्यादा १०० वरून ३०० वर नेण्यात आली. हा अन्याय आहेच. परंतु दुकानांच्या बाबतीत ही टीका लागूच पडत नाही, याकडे वक्त्यांचे लक्ष क्वचित जाते. पूर्वपरवानगीचे हे संरक्षण कारखाना, खाण आणि मळा यांपुरतेच होते व आजही तेवढ्यांपुरतेच आहे. दुकान त्यात कधीच नव्हते. हजारो सेवकांची साखळी-कंपनी असो, तिला शटर खाली ओढण्यासाठी सरकारची परवानगी १९७६ साली लागत नव्हती आणि आजही लागत नाही. ज्या तटबंदीच्या ढासळण्याचा शोक चालला आहे, तिच्या आत दुकान-सेवकाला कधी घेतलेच नव्हते.

हे केवळ हिंदुस्थानातच घडते असे नाही. इंग्लंडमध्ये वूलवर्थ्स ही जुनी साखळी २००८ च्या नोव्हेंबरात कोसळली आणि ६ जानेवारी २००९ पर्यंत तिची ८०७ दुकाने बंद झाली. सुमारे २७,००० माणसे बेकार झाली. तेथील कायद्याप्रमाणे एका ‘आस्थापने’त वीस किंवा अधिक माणसे कमी करावयाची असतील तर मालकाने आधी त्यांच्या प्रतिनिधींशी विचारविनिमय केला पाहिजे, न केल्यास दंडादाखल पगार द्यावा लागतो. प्रश्न निघाला की आस्थापना म्हणजे काय, सगळी कंपनी की एकेक दुकान? ‘उस्डॉ’ ही दुकान-कामगारांची संघटना हा लढा वर्षानुवर्षे लढली. २०१३ साली तिला तेथील अपील न्यायाधिकरणात यश आले. परंतु ३० एप्रिल २०१५ रोजी युरोपीय न्यायालयाने एकेक दुकान ही स्वतंत्र आस्थापना मानता येईल असे सांगितले, आणि ज्यांच्या दुकानात वीसहून कमी माणसे होती असे वूलवर्थ्सचे सुमारे ३,२०० सेवक त्या रकमेस मुकले. कंपनी एक, मालक एक, बंद होण्याचा हुकूम एक. पण मोठ्या दुकानातील सेवकाला पगार आणि शेजारच्या गावातील लहान दुकानातील सेवकाला काही नाही. नफ्याच्या ताळेबंदात जी दुकाने एकत्र मोजली जातात, ती देण्याच्या वेळी सुटी सुटी होतात.

महाराष्ट्रात याचीच निराळी आवृत्ती आहे. लोक ज्याला गुमास्ता कायदा म्हणतात तो १९४८ चा मुंबई दुकाने व आस्थापना कायदा लहान दुकानांनाही लागू होता. त्याच्या जागी आलेल्या २०१७ च्या कायद्यात मुळात दहाहून कमी कामगार असलेल्या दुकानाने धंदा सुरू केल्याची सूचना दिली की भागत असे. कामाचे तास, रजा वगैरे तरतुदी त्याला लागू नव्हत्या. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत राबणारा पोऱ्या अशा रीतीने कायद्याच्या नजरेआड गेला.

या ठिकाणी एक अप्रिय गोष्ट बोलली पाहिजे. बिग बझार बंद झाले तेव्हा अनेक साथींच्या मनात थोडेसे समाधानच उमटले. ते अगदी अनाकलनीय नव्हते. २०१२ साली किरकोळ व्यापारात ५१ टक्के परकी भांडवलाला दरवाजा उघडला गेला तेव्हा समाजवाद्यांनी लहान दुकानदाराची बाजू घेतली होती, आणि ती घेणे योग्यच होते. परंतु मॉलला विरोध करता करता मॉलमध्ये काम करणारा मनुष्यही परक्या गोटातला वाटू लागला. त्याच्या अंगावरचा गणवेश, तोंडची शिकविलेली इंग्रजी वाक्ये यांमुळे तो कष्टकरी दिसत नाही. वस्तुतः तो दिवसभर उभा असतो. केरळमध्ये कापड-दुकानांतील विक्रेत्या स्त्रियांना बसावयास स्टूल मिळावे एवढ्या मागणीसाठी संघटना बांधावी लागली आणि २०१८ साली तेथे कायद्यात दुरुस्ती करावी लागली, ही वस्तुस्थिती पुरेशी बोलकी आहे.

या दुर्लक्षाचे मूळ अधिक खोल आहे. महाराष्ट्रातील समाजवादी चळवळीने दुकानाचा विचार केला तो बहुधा गिऱ्हाइकाच्या बाजूने. १९४८ साली नायगावच्या कामगार वस्तीत ‘अपना बाजार’ उभे राहिले ते कामगार कुटुंबाला रास्त भावात धान्य मिळावे म्हणून. १९७२ साली मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या त्या तेल-साखरेच्या भावासाठी. या लढ्यांचे मोल कोणी कमी करू नये. पण त्या काळी गल्ल्याच्या पलीकडे मालक किंवा त्याचा मुलगा बसलेला असे. आज तेथे पगारी माणूस उभा आहे. लोअर परळच्या फिनिक्स गिरणीच्या आवारात मॉल झाला आणि तेथेच बिग बझारही आले. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात ज्या परिसराने सर्वस्व पणाला लावले, त्याच परिसरात नव्या नोकऱ्या आल्या त्या या स्वरूपाच्या. गिरणीतही बदली कामगाराची दैना होती, तेव्हा भूतकाळाला सोनेरी वर्ख लावण्याचे कारण नाही. तरी बदलीवाल्याला निदान आपला मालक कोण हे ठाऊक असे. मॉलमध्ये साबणाच्या कंपनीचा ‘प्रमोटर’ म्हणून उभी असलेली मुलगी दुकानाची सेवक नसते, बहुधा साबणाच्या कंपनीचीही नसते; ती माणसे पुरविणाऱ्या एखाद्या एजन्सीची असते. दुकान बंद होते तेव्हा बंद झालेल्या नोकऱ्यांच्या आकड्यातसुद्धा तिची गणना होत नाही.

मग मार्ग कोणता? दुकाने बंदच होऊ नयेत अशी मागणी कोणी करणार नाही. व्यापारात दुकाने उघडतात आणि मिटतात. बुडीत मालकाविरुद्धचा हक्क कितीही पक्का केला तरी तो बुडीत मालकाविरुद्धचाच राहतो. तेव्हा सेवकाचे देणे मालकाच्या हातून महिन्याच्या महिन्याला बाहेर पडले पाहिजे आणि त्याची सेवा एका मालकाऐवजी त्या व्यवसायाशी बांधली गेली पाहिजे. असे करून दाखविण्यासाठी परदेशी दाखले धुंडाळण्याची गरज नाही. १९६९ च्या महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायद्याने हेच केले. हमालाला एक मालक नसतो. सकाळी एका पेढीवर, दुपारी दुसऱ्या. म्हणून मालक, कामगार व सरकार यांचे त्रिपक्षीय मंडळ निर्माण झाले. कामगाराची नोंद मंडळाकडे, मजुरी मंडळात जमा, तिच्यावर ठराविक टक्के लेव्ही, आणि त्यातून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा, औषधोपचार. एखादी पेढी बुडाली तर हमालाची त्या पेढीवरची मजुरी बुडते. त्याची मागची वर्षे बुडत नाहीत. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी आणि पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने जे झगडून मिळविले त्याचे मर्म हे आहे.

मंडळांच्या कारभारात दोष शिरले, बोगस नोंदी झाल्या, माथाडीच्या नावाने खंडणी उकळणाऱ्या टोळ्याही निपजल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. व्यापारी ते लगेच पुढे करतील. परंतु रोखीने, बिनपावतीच्या मजुरीत जे गैरप्रकार शक्य होतात ते संगणकावर पगारपत्रक असलेल्या साखळी-दुकानात तितके सोपे नाहीत. लेव्हीमुळे माल महागेल असाही आक्षेप येईल. पहिल्या दिवशी गिऱ्हाइकाला खेचण्यासाठी तोट्यात माल विकणाऱ्या कंपन्यांनी तो घ्यावा, यात थोडी गंमत आहे.

अशा मंडळासाठी स्वतंत्र कायदा लागेल, कारण माथाडी कायदा अंगमेहनतीच्या कामगारांसाठी आहे. त्याचाही पायंडा आहे. १९८१ साली माथाडीच्याच साच्यावर खासगी सुरक्षा रक्षकांसाठी महाराष्ट्रात कायदा झाला आणि त्यांची मंडळे आली. त्यामुळे आज चित्र असे की दुकानाच्या मागल्या दाराशी पोती उतरविणाऱ्या हमालाला किराणा बाजाराचे मंडळ आहे, पुढल्या दाराशी उभ्या असलेल्या रक्षकाला, त्याची एजन्सी सूट मिळवून बसली नसेल तर, मंडळ आहे; आणि या दोन दारांच्या मध्ये दिवसभर उभ्या असणाऱ्यांना काही नाही. त्यांच्या नोंदणीला आरंभ करावयाचा तर तो एजन्सीमार्फत आलेल्या प्रमोटर मुलींपासून करावा. एकेका दुकानात त्या किती आहेत, कोणत्या एजन्सीच्या आहेत, नियुक्तिपत्र कितींच्या हातात आहे, ही यादी तालुका शाखांना चार रविवारांत करता येईल. दुकाने रविवारीच सर्वांत भरलेली असतात.